तीन पैशांचे दान

पौष शुद्ध पौर्णिमा ही शाकंभरी पौर्णिमा होय. अनावृष्टीने पृथ्वी शंभर वर्षे करपून जाईल, तेव्हा आपल्याच देहातून उत्पन्न केलेल्या शाकांनी, पुन्हा पाऊस पडेपर्यंत, सर्व लोकांचे पोषण करण्याचे अभिवचन जगन्मातेने देवांना दिले आहे. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात ते आले असून त्यावरूनच तिला शाकंभरी हे नाव मिळाले. महाराष्ट्रात अनेक कुलांत या पौर्णिमेस नाना भाज्यांचा नैवेद्य होतो. ज्या देवतेचे नावच दुष्काळाच्या निवारणावरून पडले आहे, तिच्यापुढे पान वाढताना आपत्तीत सापडलेल्या माणसांची आठवण गृहस्थास होऊ नये, तर ती कधी व्हावी?

याच पौर्णिमेस छत्तीसगढात ‘छेरछेरा’ नावाचा सण येतो. भाताची कापणी-मळणी आटोपलेली असते, कोठ्या भरलेल्या असतात. आणि मुले टोपल्या, थैल्या घेऊन ‘छेरछेरा’ असा पुकारा करीत दारोदार धान मागत हिंडतात. त्या दिवशी दारी आलेल्या मुलास विन्मुख पाठवू नये, असा तिकडचा दंडक आहे. घरची माउली सुपातून ओंजळभर धान आणते आणि मुलांच्या टोपल्यांत घालते. मागणारे मूल गरीब घरचे आहे की सधन घरचे, याची विचारपूस कोणी करीत नाही.

दुर्ग जिल्ह्यातील कोहका हे अशाच भातशेतीच्या प्रदेशातले गाव. १९५५ मध्ये सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे शहर वाढत गेले आणि कोहका भिलाईत मिसळून गेले. या प्रदेशाचा राज्यकारभार १९५६ पर्यंत नागपुराहून चाले. भोसल्यांच्या काळापासूनही मराठी माणसांचा इकडे राबता होता; त्यामुळे दुर्ग, भिलाई, रायपूर या भागांत मराठी घरे पुष्कळ आहेत. अशा घराला पौषी पौर्णिमेचा दुहेरी लाभ होतो: देवघरात शाकंभरीचा नैवेद्य आणि दारात छेरछेऱ्याची मुले. आत जिची पूजा चालते, तिचेच काम बाहेर लहान हात करीत असतात.

छत्तीसगढच्या कित्येक गावांत ‘रामकोठी’ ही एक संस्था पूर्वापार चालत आली आहे. गावाने मिळून जमविलेले धान, त्यातच छेरछेऱ्याचेही धान, या सामायिक कोठीत साठवावयाचे आणि अडीअडचणीच्या वेळी गरजूंस द्यावयाचे, अशी ही रीत. ज्या कोठीवर कोणा एकाची मालकी नाही, तिला रामाचे नाव देणाऱ्या लोकांची धर्मबुद्धी खरोखर वाखाणण्याजोगी आहे. ‘आपत्ती-निवारण निधी’ हा शब्द आजचा आहे; परंतु त्याचा अर्थ या खेड्यांना आधीपासून ठाऊक होता, आणि तो निधी भरण्याचे काम मुलांकडेही असावे, हेही त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्यासाठी मागणे हे मुलांचे काम आहे, ही कल्पना शास्त्रासही मान्य आहे. मौंजीबंधन झालेला बटू पहिली भिक्षा मागतो ती आईजवळ. त्या प्रसंगी हल्ली भिक्षावळीतील लाडू आणि चांदीची भांडी यांचेच कौतुक अधिक होते. पण मूळ विधीचा हेतू गंभीर होता. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून आणावी, ती प्रथम गुरूस निवेदन करावी आणि मग भोजन करावे, असे मनूने सांगितले आहे. तेथे त्याने एक लहानसा शब्द घातला आहे: ‘अमायया’, म्हणजे कपट न करता. मिळाले ते सगळे दाखवावे, त्यातील काही लपवू नये. भिक्षेचा अन्नाशी जेवढा संबंध, तेवढाच तो सरळपणाशी आहे. मागणाऱ्या मुलाच्या झोळीत काय पडले यापेक्षा ते त्याने गुरूपुढे कसे ठेवले, याकडे शास्त्रकाराची दृष्टी आहे.

हा ‘अमायया’ शब्द मनात ठेवून आता शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगाकडे वळावयाचे आहे. १९२४ च्या जुलै महिन्यात मलबार, कोची आणि त्रावणकोर या भागांत अतोनात पाऊस झाला. मल्याळी कालगणनेचे ते १०९९ वे वर्ष होते. म्हणून केरळात त्याला आजही ‘नव्व्याण्णवचा महापूर’ म्हणतात. गावेच्या गावे पाण्याखाली गेली. मुन्नारच्या डोंगरातील लहान रेल्वे वाहून गेली, ती पुन्हा उभी राहिली नाही. त्या वर्षाच्या आरंभी पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन महात्मा गांधी कारावासातून मुक्त झाले होते आणि ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ही पत्रे चालवीत होते. त्यांनी आपल्या पत्रांतून पूरग्रस्तांसाठी मदतीची याचना केली.

त्या हाकेस मिळालेले उत्तर संपन्न लोकांचेच नव्हते. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले, मुलांनीही दिले. कित्येकांनी एक वेळचे जेवण सोडले, कित्येकांनी दूध सोडले, आणि वाचलेले पैसे निधीत घातले. गांधीजींनी एका वेळी जमलेल्या रोख रकमेची नोंद केली, ती ६,९९४ रुपये १३ आणे ३ पै अशी आहे. शेवटच्या तीन पैदेखील या नोंदीतून गळलेल्या नाहीत. ज्याने दूध सोडून पैसे दिले त्याचा पैसा हिशेबात दिसला पाहिजे, ही देणाऱ्याच्या त्यागाविषयीची आदरबुद्धी होय.

याच निधीच्या संदर्भात गांधीजींनी एका मुलीचा उल्लेख केला आहे. पूरग्रस्तांना देण्यासाठी तिने तीन पैसे चोरले होते.

या एवढ्याशा वाक्यावर सुज्ञ गृहस्थाने थांबावे. मुलीच्या मनात करुणा उत्पन्न झाली. ती इतकी प्रबळ होती की तिला स्वस्थ बसवेना. देण्यासाठी हाती काही नव्हते. म्हणून तिने दुसऱ्याचे घेतले. तिच्या मनात खाऊची इच्छा नव्हती की खेळण्याची. ज्यांना तिने कधी पाहिले नाही आणि जे तिला कधी पाहणार नाहीत, अशा माणसांसाठी तिने ते केले. हे दान सात्त्विक म्हणावयाचे काय? की चोरी ती चोरीच, असे म्हणून तिला दंड करावयाचा? असेच मूल आपल्या घरात निघाले तर बापाने काय करावे?

गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. देणे हे आपले कर्तव्यच आहे अशा बुद्धीने, ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास, योग्य स्थळी, योग्य काळी आणि योग्य पात्री दिलेले दान सात्त्विक. परतफेडीच्या इच्छेने, फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश करून घेत दिलेले दान राजस. अयोग्य स्थळी, अवेळी, अपात्री, आणि सत्कार न करता, तुच्छतेने फेकलेले दान तामस. या लक्षणांतील पहिली दोन लक्षणे त्या मुलीच्या ठिकाणी पूर्णपणे आढळतात. कर्तव्याची तळमळ तिच्याजवळ आहे. जो उपकाराची फेड करू शकत नाही, त्याला संस्कृतात ‘अनुपकारी’ म्हणतात. दूरच्या प्रांतातील पूरग्रस्ताहून अधिक अनुपकारी कोण असणार?

परंतु दानाच्या या सर्व लक्षणांच्या आधी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जे द्यावयाचे ते आपले असले पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीत दत्ताप्रदानिक प्रकरणात स्पष्टच सांगितले आहे की जे स्वतःचे आहे तेच द्यावे आणि तेही कुटुंबास बाध न येईल अशा रीतीने द्यावे. दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. जेथे मुळात आपले स्वत्वच नाही तेथे सोडणार काय? त्या तीन पैशांचा त्याग घडला खरा; पण तो ज्याचे पैसे होते त्याच्याकडून, त्याच्या नकळत घडला. मुलीच्या हाती राहिली ती करुणा, आणि त्याबरोबर एक लपविलेली गोष्ट. दैवी संपत्तीच्या गणनेत सोळाव्या अध्यायाने भूतदया सांगितली, दान सांगितले. आणि त्यांच्याच पंक्तीस सत्य व आर्जव ही बसविली. आर्जव म्हणजे ऋजुता, सरळपणा. दया आणि आर्जव या एकाच संपत्तीच्या कन्या आहेत. एकीचा हात धरण्यासाठी दुसरीस घराबाहेर काढता येत नाही.

तेव्हा चोरी ही चोरीच आहे, याविषयी संशय नको. हेतू चांगला असला म्हणजे साधन कसेही चालेल, असे एकदा मुलाच्या मनाने घेतले की पुढे तेच मूल मोठे झाल्यावर निधीचा कोषाध्यक्ष होते आणि मोठ्या कार्यासाठी लहान खोटेपणा क्षम्य मानू लागते. तीन पैशांच्या ठिकाणी तीन लाख आले तरी युक्तिवाद तोच राहतो.

येथवर निर्णय सोपा आहे. आता गीता तोच शब्द दुसऱ्या कोणास लावते, ते पाहिले पाहिजे. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना भगवान म्हणतात की देवांनी दिलेले भोग त्यांना परत अर्पण न करता जो एकटाच उपभोगितो, तो ‘स्तेन’ होय. स्तेन म्हणजे चोर. त्याच्या लगेच पुढे, जे केवळ आपल्यासाठी शिजवितात ते पाप खातात, असे सांगितले आहे. हा शब्द भगवंतांनी कुलपे फोडणाऱ्यास लावलेला नाही. ज्याच्या घरी चूल पेटली आहे, ज्याच्या कोठीत धान आहे, ज्याने कोणाच्या खिशाला हात लावलेला नाही, अशा प्रतिष्ठित गृहस्थास तो लावला आहे. पाऊस त्याने पाडला नाही, बीज त्याने निर्माण केले नाही. शेतकरी, हमाल, दळणारा, शिजविणारी यांच्या श्रमांतून त्याच्या पानात अन्न आले. त्यातला वाटा त्याने परत दिला नाही, तर जगाची ठेव त्याने दाबून ठेवली.

या दृष्टीने पाहता तीन पैशांच्या गोष्टीत दोन प्रकारचे चोर संभवतात. एक मूल, ज्याने देण्यासाठी घेतले. दुसरा गृहस्थ, जो घेतो आणि देत नाही. पहिल्याला पकडणे सोपे असते, कारण त्याचे हात लहान असतात. दुसरा तर पुष्कळदा पहिल्याला शिक्षा करण्याच्या आसनावर बसलेला असतो. ती मुलगी कोणाची, तिच्या घरची स्थिती कशी होती, याचा शोध घेण्याचे कारण नाही. प्रत्येक गृहस्थाने आपल्याच घरापुरता प्रश्न विचारावा: या घरातल्या मुलाच्या मनात उद्या करुणा उत्पन्न झाली, तर तिला वाट करून देण्यासाठी त्याच्या हाती काही आहे काय? जेवावयास आहे, ल्यावयास आहे, शिकावयास आहे. देण्यास काही आहे काय? ज्या घरात मुलाला देता येत नाही, तेथे त्याची दया एक तर सुकून जाते किंवा आडवाटेने बाहेर पडते.

मग बापाने करावे काय? प्रथम, त्या मुलाच्या करुणेस हात लावू नये. ‘तुला काय करावयाचे आहे त्या लोकांशी?’ हे वाक्य चोरीपेक्षा अधिक नुकसान करते. दुसरे, चोरी लपवू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. ज्याचे पैसे घेतले त्याच्यापुढे मुलास न्यावे आणि मुलाने स्वमुखाने सांगावे. तिसरे, ते पैसे फेडण्याचा आणि पुन्हा दान करण्याचा मार्ग त्याला मोकळा करून द्यावा. त्या काळी कित्येकांनी दूध सोडले होते. तसे मुलाने आपल्या भागाचे काहीतरी आपण होऊन सोडावे आणि त्याचे मोल उजळ माथ्याने निधीत घालावे. शक्य असेल तर त्या दिवसांत बापानेही तेच सोडावे. श्रेष्ठ जसे आचरण करतो तसे इतर लोक करतात, हे गीतेचे वचन प्रथम घराच्या उंबरठ्याआत खरे ठरावयाचे असते. असे घडले म्हणजे तीन पैशांची चोरी धुऊन जाते आणि तीन पैशांचे दान उरते.

मुलांच्या दानास वडीलधाऱ्यांकडूनच रजोगुणाची बाधा होते, हेही येथे सांगितले पाहिजे. शाळाशाळांतून निधी जमतो. कोणत्या वर्गाचा आकडा मोठा याची चढाओढ लागते. अधिक आणणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते. कमी आणणारे मूल खाली मान घालते. ते मूल घरी जाऊन हट्ट धरते, आणि बाप कपाळाला आठ्या घालून नोट काढून देतो. या व्यवहारात कीर्तीची इच्छा आहे, फळाची इच्छा आहे आणि क्लेशही आहे; राजस दानाची तिन्ही चिन्हे त्यात एकत्र आली. शिवाय देणारा बाप, मिरविणारे मूल आणि मोजणारे गुरुजी यांत पूरग्रस्ताची आठवण कोणासच राहत नाही. नावे न लिहिता एका डब्यात सर्वांनी टाकावे, एकूण रक्कम मात्र पै-पैसह सर्वांस वाचून दाखवावी आणि ती कोठे पाठविली हेही सांगावे, एवढे केले तरी पुष्कळ दोष टळतो. मनूच्या ‘अमायया’ या शब्दाचे आजचे रूप हेच.

तमोगुणाची बाधा याहून वाईट. आपत्तीची वार्ता आली की घरोघरी फाटकी, विटकी वस्त्रे बाहेर काढली जातात. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे रस्त्याच्या कडेस पडून राहिले होते. जे लोक सर्वस्व गमावून बसले होते, त्यांनीही ते उचलले नाहीत. कारण त्या ढिगांत आदर नव्हता. गीतेने ज्याला असत्कृत आणि अवज्ञात म्हटले आहे, ते दान याहून वेगळे काय असणार? कठोपनिषदातील वाजश्रवस यज्ञात दक्षिणा देत होता. पण त्या गाई पाणी पिऊन चुकलेल्या, चारा खाऊन चुकलेल्या, दूध देऊन संपलेल्या होत्या. ते कोणाच्या लक्षात आले? ऋत्विजांच्या नव्हे, कुमारवयाच्या नचिकेत्याच्या. उपनिषद म्हणते की त्या वेळी त्याच्या ठिकाणी श्रद्धेने प्रवेश केला. बाप काय देतो आहे, हे मूल पाहत असते. ‘हे कपडे आपण घालू का?’ असे घरातल्या मुलाने विचारले, तर वाजश्रवसाप्रमाणे रागावू नये. नचिकेता दारी आला आहे असे समजावे.

मुलांचा त्याग स्वीकारताना सज्जन बापास जड वाटते, हेही खरे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात मुंगसाची कथा आहे. कुरुक्षेत्रात दुष्काळ पडला असता शेतांत सांडलेले दाणे वेचून जगणारे एक कुटुंब होते. मोठ्या कष्टाने मिळालेल्या सातूच्या पिठाचे चार वाटे करून ते जेवावयास बसणार, तोच अतिथी आला. बापाने आपला वाटा दिला, पत्नीने दिला. मुलगा आपला वाटा पुढे करू लागला तेव्हा बाप कचरला. तू हजार वर्षांचा झालास तरी मला बाळच आहेस, आणि लहानांची भूक अनावर असते, असे तो म्हणाला. तरी मुलाच्या धर्मबुद्धीपुढे त्याने शेवटी आपले वात्सल्य आवरले. पुढे सुनेचाही वाटा घेतला. त्या उष्ट्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले, आणि धर्मराजाच्या अश्वमेधाच्या मंडपात लोळूनही उरलेले अर्धे झाले नाही. चौघांच्या वाट्यांत मुलाचाही वाटा होता, हे विसरू नये. बापाने त्यास अडविले असते तर ते दान अपुरे राहिले असते.

आता फळाविषयी. १९२४ नंतरचा सर्वांत मोठा महापूर केरळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये आला. त्या वेळी शेजारच्या तमिळनाडूतील एका लहान मुलीने सायकल घेण्यासाठी वर्षानुवर्षे साठविलेली नाणी निधीत दिली. केरळातील शाळांमधील मुलांनी तर सप्टेंबर महिन्यात आपापल्या शाळांतून बारा कोटी रुपयांहून अधिक रक्कम मुख्यमंत्र्यांच्या निधीस दिली. म्हणजे पुराचा मार ज्यांच्या घरांवर बसला, त्या प्रदेशाचीच मुले देणारी झाली. सायकलीचे पैसे देणाऱ्या मुलीचे वृत्त प्रसिद्ध होताच एका सायकल कारखानदाराने तिला सायकल भेट दिली. हे ऐकून मुले विचारतात: दिले की परत मिळते का? त्यांना सरळ सांगावे की मिळेलच असे नाही. नाणी देताना त्या मुलीच्या हाती सायकल नव्हती आणि सायकलीचे आश्वासनही नव्हते. तिचे दान त्या क्षणीच पूर्ण झाले. पुढे जे आले ते दुसऱ्या कोणाचे कर्म. गोष्ट सांगताना सायकलीवर शेवट करू नये, नाण्यांवर करावा.

मुलांचा आणखी एक प्रश्न असतो, आणि तो कित्येक मोठ्यांच्याही मनात दडलेला असतो: त्या लोकांनी काही पाप केले होते म्हणून का हे संकट आले? कर्मसिद्धान्ताचा हा दुरुपयोग घरात शिरू देऊ नये. कर्माचा नियम आपले कर्तव्य तपासण्यासाठी आहे; बुडणाऱ्याचा पूर्वजन्म तपासण्यासाठी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंपाने झोपलेली गावे गाडली गेली. त्यांत पाळण्यातली मुले होती, वृद्ध होते, वारकरी होते. त्यांचा हिशेब परमेश्वराकडे आहे. पाहणाऱ्याचा हिशेब एवढाच, की त्याने पाहिले आणि काय केले.

किल्लारीचे स्मरण आणखी एका कारणासाठी करावयाचे. गीता दानास योग्य काळ सांगते. तो काळ वार्ता ताजी असेतोवरच असतो असे नाही. त्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाचा भार वर्षानुवर्षे वाहिला. पहिल्या आठवड्यात अन्न आणि पांघरूण लागते, पहिल्या वर्षात छप्पर लागते, आणि पुढे दहा वर्षे वह्या-पुस्तके लागतात. मुलांनी जमविलेला निधी पहिल्या दिवशीच संपलाच पाहिजे असे नाही. सहा महिन्यांनी, सगळे विसरले असताना पाठविलेले दान अधिक सुकाळी पोहोचते.

हे सारे घरात आणण्याचा मार्ग कठीण नाही. रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढण्याची रीत आपल्या आयाबायांत होती; ती मूठ मुलाच्या हाताने निघावी. एका डब्यात मुलाचे दानाचे पैसे वेगळे असावेत, आणि त्या डब्यात तेच पडावे जे मुलाने सोडले आहे किंवा आपल्या कामाने मिळविले आहे. बापाने गुपचूप भर घालून तो फुगवू नये. बापास द्यावयाचे असेल तर त्याने आपले वेगळे द्यावे. निधी जमविण्यासाठी मुलांना रहदारीच्या रस्त्यांवर पाठवू नये. ओळखीच्या दारी, मोठ्यांच्या सोबतीने जाऊ द्यावे. दारी आलेल्या मुलांना नाही म्हणण्याचाही अधिकार घरमालकास आहे, आणि ‘नाही’ ऐकून नमस्कार करून परत फिरणे हाही शिक्षणाचा भाग आहे, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे. पैसे कोठे जावयाचे ते मोठ्यांनी नीट पाहून ठरवावे. मुख्यमंत्र्यांचा निधी आहे, फाळणीतील निर्वासितांसाठी जानेवारी १९४८ मध्ये स्थापन झालेला पंतप्रधानांचा राष्ट्रीय साहाय्यनिधी आहे, पारखलेल्या सेवासंस्था आहेत. पावती आली की ती मुलास वाचून दाखवावी आणि त्याच डब्यात ठेवावी.

पान, फूल, फळ किंवा पाणी भक्तीने दिले तर भगवान ते स्वीकारतात, असे नवव्या अध्यायात सांगितले आहे. पण तेथेही देणारा ‘प्रयतात्मा’, शुद्ध अंतःकरणाचा असावा, अशी खूण केलेली आहे. वस्तू लहान असल्याने काही अडत नाही. ती आपली असावी, उघड हाताने दिलेली असावी आणि घेणाऱ्याचा मान राखून दिलेली असावी. मुलाजवळ देण्यासारखे थोडेच असते. तेवढे थोडे त्याच्याजवळ असू देणे, आणि ते देण्याची वेळ आली म्हणजे त्याच्या आड न येणे, हा गृहस्थाचा धर्म होय. ज्या घरात हा धर्म पाळला जाईल, त्या घरातील मुलाला दयेसाठी चोरी करावी लागणार नाही, आणि त्या घरातील बापाला गीतेतील ‘स्तेन’ हा शब्द वाचताना खाली पाहावे लागणार नाही.